पावसाळी घाटासाठी दोन ‘समर’ टायरांतून एक कसा निवडावा

माझं काम वजनकाटे तपासण्याचं. काजूचे कारखाने, मासळीची बंदरं, घाऊक किराणावाले. डिकीत वीस-वीस किलोची प्रमाणित वजनं घालून रत्नागिरीहून निघते आणि वर्षाला तीसेक हजार किलोमीटर सहज होतात. महिन्यातून दोनदा कोल्हापूर, म्हणजे आंबा घाट. जुलैत मलकापूर सोडलं की धुकं सुरू, घाटात डोंगराकडून आडवं वाहत येणारं पाणी, आणि साखरप्याला पोचेपर्यंत वायपर बंद करायची सोय नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात टायर बदलायची वेळ आली. चिपळूणला राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाकडेही माझ्यासारखीच स्कोडाची स्लाविया आहे, माप तेच, २०५/५५ आर १६ (रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची), आणि त्याचेही टायर संपलेले. मी एका कंपनीचा सेट घेतला, त्यानं दुसऱ्या कंपनीचा. दोन्ही हाय परफॉर्मन्स समर टायर. दुकानदार म्हणाला होता, “ताई, दोन्ही एक नंबर, डोळे झाकून कुठलाही घ्या.” डोळे झाकून काटा पास करायची मला सवय नाही, म्हणून पावसाळाभर दोन्ही तोलून पाहिले. कसे, ते इथे लिहिते.

या जातीत मिशेलिनचा पायलट स्पोर्ट, कॉन्टिनेंटलचा मॅक्सकॉन्टॅक्ट, गुडइयरचा ईगल एफ१, ब्रिजस्टोनचा पोटेंझा, योकोहामाचा ॲडव्हान अशी नावं येतात. आमचे दोन कुठले ते मी सांगत नाही. एकाच नावाचा टायर वेगळ्या मापात वेगळा वागू शकतो, आणि माझ्या १६ इंचीवरचा निकाल तुम्ही तुमच्या १८ इंचीला लावलात तर तुमचेच पैसे जातील. मी त्यांना खडूनं ‘क’ आणि ‘ख’ अशी खूण केली होती, इथेही तेच.

आधी ‘समर’ या शब्दाचा घोळ. हा शब्द युरोपातला. तिथे पारा साधारण ७ अंशांखाली उतरला की या टायरांचं रबर कडक होतं आणि लोक विंटर टायर चढवतात. आपल्याकडे किनाऱ्यावर पारा तेवढा उतरतच नाही, त्यामुळे समर टायर इथे बारमाही. आणि तो कोरड्यासाठीच असतो हाही गैरसमज. १९९० च्या दशकापासून रबरात काजळीच्या जोडीला सिलिका घालू लागले, त्यामुळे ओल्या रस्त्यावरची पकड सुधारली. चांगला समर टायर पावसातही चांगलाच असतो. प्रश्न एवढाच की कुठल्या पावसात.

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण कोकणासाठी टायर निवडताना सगळं इथे येऊन ठरतं. युरोपात टायरच्या लेबलावर ‘वेट ग्रिप’ची श्रेणी असते. ती चाचणी होते रस्त्यावर सुमारे एक मिलिमीटर पाणी ठेवून, सरळ रेषेत ब्रेक मारून. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, ‘ट्रॅक्शन एए’ किंवा ‘ए’ लिहिलेलं असतं, तेही सरळ ब्रेकचंच. वळणावर काय होईल, साचलेल्या पाण्यावर काय होईल, याचा त्यात हिशोब नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हातखंब्याच्या पुढे रस्त्याला जिथे दबलेली पट्टी आहे तिथे तीन मिलिमीटर पाणी म्हणजे काहीच नाही. ताशी ८० च्या वेगात एक चाक सेकंदाला २२ मीटर जातं. जमिनीला टेकणारी पट्टी १८० मिलिमीटर रुंद धरली, तर तीन मिलिमीटर पाण्यातून जाताना त्या एका चाकाला दर सेकंदाला सुमारे १२ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. एक भरलेली कळशी. सेकंदाला एक, प्रत्येक पुढच्या चाकाखालून. कळशी सारायला जागा पुरली नाही की टायर पाण्यावर चढतो आणि स्टिअरिंग हातात हलकं होतं.

म्हणून दुकानात गेल्यावर पहिल्यांदा दोन्ही टायर शेजारी उभे करून घ्या आणि खाचा बघा. गोल फिरणाऱ्या सरळ खाचा किती आणि किती रुंद, आणि त्यांच्यातून खांद्याकडे, म्हणजे टायरच्या कडेकडे, निघणाऱ्या आडव्या खाचा मध्येच बंद होतात की कडेपर्यंत उघड्या आहेत. ‘क’च्या बाहेरच्या खांद्याला रबराचे मोठे, सलग गुटके होते. वळणावर सगळा भार तिथेच येतो, त्यामुळे तो कोरड्यावर खिळल्यासारखा वळणार हे दुकानातच कळत होतं. ‘ख’च्या खाचा रुंद आणि कडेपर्यंत मोकळ्या. बोट घालून पाहा. लाज वाटायचं कारण नाही, हजारोंचा माल आहे.

मग साइडवॉल वाचा. मापानंतर येणारा ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलोपर्यंत भार. त्यापुढचं अक्षर वेगाचं: एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०. कंपनीनं गाडीला दिलंय त्याच्या खाली जाऊ नका. वर गेल्यानं घाटात काही हाती लागत नाही. ‘ट्रेडवेअर’चा आकडा टिकाऊपणाचा, १०० हा पाया धरून. पण तो प्रत्येक कंपनी आपल्या टायरला आपणच देते, त्यामुळे एका कंपनीच्या दोन टायरांत तुलना करायला ठीक, दोन कंपन्यांत नाही. दोघांनी आपापल्या घरच्या मापानं मोजलेला माल, तो एकमेकांशी जुळवता येत नाही.

तारीख मात्र सोडू नका. ‘डॉट’नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. हे चार आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, म्हणून टायर फिरवून पाहायला सांगा. जून २०२० पासून परदेशी टायरांच्या आयातीवर सरकारी निर्बंध आले, तेव्हापासून या जातीतली काही मापं कधी मिळतात, कधी मिळत नाहीत, आणि मिळतो तो माल कधी गोदामात बसलेला असतो. मला दाखवलेल्या चारांपैकी दोन टायर इतर दोघांपेक्षा चौदा महिने जुने निघाले. परत पाठवले, आठ दिवस थांबले.

आता प्रत्यक्ष तुलना. नव्या टायरावर साच्यातून निघतानाचा बुळबुळीत थर असतो, तो जायला तीनेकशे किलोमीटर लागतात. तोवर कुठलंही मत बनवू नका आणि ओल्यावर जपून चालवा. हवा सकाळी, गाडी निघायच्या आधी, थंड टायरात, आणि एकाच गेजनं मोजा. पंपांवरच्या मीटरमध्ये दोन-तीन पाउंडांचा फरक मी स्वतः पाहिलाय, आणि तेवढ्यानं टायरचा स्वभाव बदलतो. नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरांवरून एक सूत्र मांडलं: टायर पाण्यावर चढायचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्या सूत्रानं ३२ पाउंडाला ताशी ९४ किलोमीटर येतात, २५ पाउंडाला ८३. खाचा शिल्लक असलेल्या गाडीच्या टायरला हेच आकडे तंतोतंत लागू नाहीत, पण हवा कमी म्हणजे धोका लवकर, हे पक्कं. एका गाडीत ३३ आणि दुसरीत २९ भरून दोन टायरांची तुलना करणं म्हणजे एका काट्याखाली पाचर ठेवून वजन करणं.

आम्ही दोघांनी आठवडाभर गाड्यांची अदलाबदल केली. चौपदरीकरणात बाजूला पडलेला जुन्या रस्त्याचा एक सरळ तुकडा आहे, त्यावर गाडी येत नाही. तिथे पाऊस थांबल्याथांबल्या, ताशी ४० वर, ठरलेल्या दगडापाशी पूर्ण ब्रेक. भाऊ खडूनं खूण करायचा, मी टेप धरायची. प्रत्येक टायरचे सात वेळा. या वेगात ओल्या डांबरावर गाडी नऊ-दहा मीटरांत थांबते. गंमत अशी झाली, की ‘क’च्याच सात खुणा हातभर अंतरात पसरल्या, ‘ख’च्याही तशाच, आणि दोघांच्या मधला फरक त्या पसाऱ्यापेक्षा कमी. भाऊ म्हणाला, “ताई, ‘क’ जिंकला ना, चार बोटं आधी थांबतो.” मी त्याला सांगितलं, काटाच हातभर हलत असेल तर चार बोटांचा फरक लिहायचा नाही. ब्रेकमध्ये दोघं समान, असं मी वहीत लिहिलं. तुम्ही एकदाच ब्रेक मारून निकाल काढलात तर तो बहुतेक चुकेल. आणि ही चाचणी चालत्या रस्त्यावर करू नका. मागच्या डंपरला तुमचा प्रयोग माहीत नसतो.

खरा फरक घाटात दिसला. तिथे मी मर्यादा शोधायला गेले नाही, नेहमीच्याच वेगानं उतरले आणि हाताला काय कळतं ते घरी येऊन लगेच लिहिलं. आंब्याहून उतरताना एका डाव्या वळणावर डोंगरातून लाल पाण्याचा लोट रस्त्यावर येतो, जांभ्याची माती आणि बारीक खडी घेऊन. ‘क’वर स्टिअरिंग वळवताक्षणी गाडी वळली, घट्ट, मला आवडेल अशी. मग लोटावर पुढचं चाक आलं आणि काहीही न सांगता क्षणभर सुटलं, पलीकडे पुन्हा धरलं. दोन दिवसांनी ‘ख’ घेऊन त्याच वळणावर, तेवढ्याच पावसात. वळायला किंचित आळस. पण लोटाच्या आधीच्या ओल्या पट्ट्यावरच स्टिअरिंग थोडं हलकं झालं, तळातून पाण्याचा आवाज वाढला, आणि मला पाय काढायला वेळ मिळाला. मी तिथेच ठरवलं. कोरड्या वळणावरचा तो घट्टपणा मला वर्षातले चार महिने उपयोगाचा नाही, आणि उरलेले आठ महिने मला तेवढ्या वेगानं जायचंच नसतं. तुम्ही पुण्याला राहून दिवाळीतच कोकणात येत असाल, तर ‘क’ घ्या, तुम्हाला तोच आवडेल.

खड्ड्यांबद्दल थोडं. २०५/५५ ला साइडवॉलची उंची ११३ मिलिमीटर भरते. दिसायला छान म्हणून लोक २०५/४५ आर १७ लावतात, तिथे ९२ राहतात. ते वीस मिलिमीटर म्हणजे रिम आणि खड्ड्याची कड यांच्यातली उशी. साइडवॉलला फुगा आला तर आतले दोरे तुटलेत असं समजा आणि टायर काढून टाका. तो दुरुस्त होत नाही, कुणी करून देतो म्हणाला तरी.

टिकाऊपणाचा हिशोब सोपा. नव्याची खाच साधारण आठ मिलिमीटर, कायद्याची खूण १.६ वर. खाचेच्या तळाशी ती छोटी उंचवट्याची पट्टी दिसते. मिशेलिनच्या टायरवर ती शोधायला खांद्याजवळ त्यांचा छोटा गुबगुबीत माणूस कोरलेला असतो, त्याच्या रेषेत बघायचं. पण आपल्याकडे १.६ ची वाट बघू नये. तीनला आला की मी पावसाळ्याआधी बदलते. म्हणून किंमत भागिले किलोमीटर करताना आठातून तीन वजा करा, १.६ नव्हे. दर पाच हजारांनी खोली लिहून ठेवली की दोन्ही टायरांचा झिजायचा दर आपोआप समोर येतो. नायट्रोजनवर मी पैसे घालवत नाही, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

एका गोष्टीवर मी भावाशी भांडले. त्याची पैशांची ओढाताण होती, म्हणून आधी दोनच घेऊन पुढे लावायचे म्हणत होता, कारण गाडी पुढच्या चाकांनी ओढते. आपल्याकडे बहुतेक गॅरेजांत हेच करतात. दोनच घ्यायचे तर नवे मागे लावा. पुढचे सुटले तर गाडी सरळ जाते, ते स्टिअरिंगला कळतं आणि पाय काढल्यावर सावरतं. उतारावर वजन पुढे झुकलेलं, मागचं अंग हलकं, अशात मागचे गुळगुळीत टायर सुटले तर गाडी गर्रकन फिरते, आणि घाटात फिरायला जागा कुठे आहे? त्यानं शेवटी चारही घेतले.

बसवून घेताना तिथे उभे राहा. दोन्ही टायर असमान नक्षीचे होते. अशा टायरावर ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर दिसली पाहिजे. माझ्या उजवीकडच्या दोन चाकांवर ती आत गेली होती. दोन दिवसांनी घरी गाडी धुताना लक्षात आलं, पाणी सारायच्या खाचा बाहेर आणि मोठे गुटके आत. त्याच दुकानात जाऊन उलटे करून घेतले, बॅलन्सिंग पुन्हा. त्यानंतर शंभरेक किलोमीटरवर नट परत आवळून घ्या.

आणि स्टेपनी उघडून बघा. भावाच्या स्टेपनीत गेज लावला तर चौदा पाउंड हवा.