छापील चिठ्ठीवर सही करण्याआधी

नवीन दवाखाना टाकणारे डॉक्टर भेटले की हमखास विचारतात, "सर, प्रिस्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?" मी नाव सांगत नाही. डेमो द्यायला माणूस आला की औषधाच्या चौकटीत एम, ई, टी एवढंच टाइप करून बघा, असं सांगतो. खाली यादी उघडते: मेटफॉर्मिन, मेथोट्रेक्सेट, मेटोक्लोप्रमाइड, मेटोप्रोलॉल, मेट्रोनिडाझोल. शुगर, संधिवात, उलटी, प्रेशर आणि जुलाबाची औषधं एकाखाली एक चिकटून. त्या ओळींत किती अंतर आहे, गोळीची ताकद नावाशेजारी ठळक दिसते का, ते बघा.

हे मी चूक करून शिकलोय. तालुक्याच्या गावात बरीच वर्षं हाताने चिठ्ठ्या लिहिल्यावर मी कॉम्प्युटर घेतला. पहिल्याच महिन्यात, संध्याकाळच्या गर्दीत, शुगरच्या एका काकूंना मेटफॉर्मिनऐवजी मेटोप्रोलॉल गेलं. समोरच्या मेडिकलमधून फोन आला, "डॉक्टर, काकूंची शुगरची गोळी बदलली का? ही प्रेशरची दिसतेय." गोळी पोटात गेली नव्हती, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. माझं अक्षर वाईट होतं, तरी हाताने लिहिताना एका औषधाजागी दुसरं असं कधी उतरलं नव्हतं. शिवाय अक्षर लागलं नाही की केमिस्ट फोन करून विचारायचा. छापील चिठ्ठी इतकी स्वच्छ दिसते की तिच्यावर कुणी शंकाच घेत नाही. त्या दिवशी केमिस्ट काकूंना ओळखत होता म्हणून निभावलं.

त्यानंतर एक रविवार घालवून मी नेहमीच्या औषधांची स्वतःची यादी भरली, ताकद आणि वेळेसकट. तुम्हीही पेशंट सुरू करण्याआधी हे करा, कंपनीने भरून दिलेल्या यादीवर राहू नका. मेथोट्रेक्सेटसाठी तर वेगळा साचाच करा. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर रक्तपेशी कमी होऊन माणूस दगावू शकतो. सुरू करतात संधिवाताचे डॉक्टर, पण पुढच्या चिठ्ठ्या आपल्याकडेच होतात. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये कुठलंही औषध निवडलं की आपोआप '१-०-१', म्हणजे रोज सकाळी एक आणि रात्री एक, असं पडायचं. ते मी काढून टाकायला लावलं. आता मेथोट्रेक्सेटपुढे 'फक्त दर सोमवारी, आठवड्यातून एकदा' असं मराठीत छापून येतं.

मराठीत छापण्याचा आग्रह धराच. 'बीडी' म्हणजे दिवसातून दोनदा, 'एचएस' म्हणजे झोपताना, हे आपल्याला कळतं, आजींना नाही. मात्र एक प्रिंट काढून जोडाक्षरं तुटत नाहीत ना ते तपासा. थर्मल प्रिंटर स्वस्त पडतो, पण खिशात घामाने आणि उन्हाने तो कागद कोरा होतो, आणि पेशंट पुढच्या महिन्यात पांढरी पट्टी घेऊन येतो. साधा कागदच बरा.

धोक्याच्या सूचनांचा सुरुवातीला वैताग येतो. साध्या पॅरासिटामॉललाही खिडकी उघडते आणि बोट न वाचता 'ओके' दाबायला शिकतं. किरकोळ सूचना बंद करता येतात, त्या करा. ॲलर्जीच्या आणि गंभीर सूचनांना हात लावू नका. हृदयाची झडप बदललेला, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असलेला एक पेशंट जुलाबासाठी आला होता. मी मेट्रोनिडाझोल टाकलं आणि लाल खिडकी आली. या जोडीने रक्त जास्त पातळ होऊन रक्तस्राव होऊ शकतो. मला हे माहीत होतं, पण बाहेर तीस माणसं बसली होती आणि त्या क्षणी आठवलं नव्हतं.

कायद्याचं थोडक्यात. १९४५ च्या औषध नियमांनुसार चिठ्ठीवर पेशंटचं नाव-पत्ता, डोस, एकूण किती गोळ्या, तारीख आणि डॉक्टरची सही लागते. छापील नाव म्हणजे सही नव्हे, पेन हातात घ्याच. तुमचा नोंदणी क्रमांकही छापा. फोनवर तपासून चिठ्ठी पाठवत असाल तर २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शेड्यूल एक्सची (औषध नियमांतल्या कडक नियंत्रणाच्या यादीतली) आणि अमली पदार्थांच्या कायद्याखालची औषधं तशी देता येत नाहीत. आणि लिहायचं पॅड टेबलावर असू द्या, वीज आजही जाते.

सर्वात जास्त सांभाळायचं ते 'रिपीट' बटण. एका दाबात मागची अख्खी चिठ्ठी येते, त्यात पाच दिवसांसाठी दिलेली दुखण्याची गोळीही येते. म्हणून सही करण्याआधी मी चिठ्ठी पेशंटला मोठ्याने वाचून दाखवतो. अर्धा मिनिट लागतो. मध्यंतरी एका आजोबांना वाचून दाखवत होतो, तिसऱ्या ओळीवर त्यांनी हात वर केला. "डॉक्टर, ही नको. चक्कर यायची म्हणून गेल्या महिन्यात दवाखान्यात ॲडमिट होतो ना, तिथे बंद केली." मुलाने पिशवीतून डिस्चार्जचा कागद काढला. गोळी खरंच बंद केलेली होती. मी यादीतून ती काढली, नवी प्रिंट घेतली आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागलो.