भरीत पार्टीत येशूविषयी बोलताना

ज्यांना येशूविषयी सांगावंसं वाटतं अशा तीनच मित्रांची नावं आधी वहीत लिहा. दहा लिहिली की प्रार्थनेची हजेरी होते. रोज पाच मिनिटं त्यांच्या खऱ्या गरजांसाठी मागा: कापसाचा भाव, आईचं दुखणं. बायबलमधल्या कलस्सै ४:३ मध्ये येशूचा प्रेषित पौलसुद्धा आधी संदेशासाठी दार उघडावं म्हणून प्रार्थना करायला सांगतो.

हिवाळ्यात शेतात भरीत-पुरीला बसलं की गप्पा कधीतरी देवापर्यंत पोहोचतातच. तेव्हा ऐका. विचारलं तरच दोन मिनिटांत सांगा, घरच्या अहिराणीत किंवा लेवा बोलीत. ‘तारण’ (पापातून सुटका) वगैरे चर्चमधले शब्द बाहेर कुणाला कळत नाहीत. बिघडतं ते त्यांच्या देवांना नावं ठेवल्यावर. १ पेत्र ३:१५ मध्ये उत्तर सौम्यतेनं द्यायला सांगितलंय. मदतीला अट जोडू नका. ‘नको’ म्हणाला तर विषय सोडा, भरीत वाढा.