टीव्हीवर सिनेमा गचके खातोय? या चुका टाळा

कॅमेरा डोंगररांगेवरून सावकाश डावीकडून उजवीकडे सरकतो आणि चित्र बारीक बारीक गचके खातं. बहुतेक घरांत पहिला संशय वाय-फायवर जातो आणि राउटर बंद-चालू केला जातो. नेट कमी पडलं की चित्र धूसर होतं किंवा थांबून गोल फिरत राहतं. एका लयीत सतत बसणारे गचके बहुधा रिफ्रेश रेटचे, म्हणजे टीव्ही सेकंदाला किती वेळा चित्र दाखवतो त्याचे असतात.

बोलपटांच्या सुरुवातीपासून सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमने, म्हणजे 24 स्थिर चित्रांनी चालत आलाय. साधा टीव्ही सेकंदाला 60 वेळा चित्र दाखवतो. 60 ला 24 ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवली जाते. एक पडद्यावर 50 मिलिसेकंद राहते, दुसरी 33. थिएटरमध्ये प्रत्येक फ्रेमला सारखेच, सुमारे 42 मिलिसेकंद मिळतात. मारामारीत हा फरक लक्षात येत नाही, पण शेवटची श्रेयनामावली वर सरकताना नीट बघा, अक्षरं थरथरत चढतात. 120 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 120 वेळा चित्र दाखवणाऱ्या पॅनलवर (टीव्हीच्या पडद्यावर) प्रत्येक फ्रेम बरोबर पाचदा बसते आणि हिशेब जुळतो.

मात्र असा टीव्ही घेऊनही त्याला जोडलेली, नेटवरून सिनेमा दाखवणारी स्ट्रीमिंग स्टिक 60 वरच ठेवली, तर तीन-दोनचा घोळ टीव्हीत पोचण्याआधीच झालेला असतो. काही टीव्ही तो निस्तरतात, सगळे नाही. फायर टीव्हीच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘मॅच ओरिजिनल फ्रेम रेट’ आणि ॲपल टीव्हीत ‘मॅच कंटेंट’खाली ‘मॅच फ्रेम रेट’ चालू करा. ॲपनेही साथ द्यावी लागते. सिनेमा सुरू होताना पडदा एक-दोन सेकंद काळा होईल. केबल खराब झाली असं समजून लोक ही सेटिंग पुन्हा बंद करतात. तसं करू नका, टीव्ही फक्त 24 वर जातोय.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे मोशन स्मूदिंग चालू ठेवणं. टीव्ही दोन फ्रेमच्या मधली चित्रं स्वतःच्या अंदाजाने तयार करून घुसवतो. मग छायालेखकाने जीव ओतून टिपलेलं दृश्य रोजच्या मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं आणि पळणाऱ्या माणसाच्या कडेला चित्र फाटतं. सोनीत याला मोशनफ्लो म्हणतात, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगच्या बऱ्याच टीव्हींत पिक्चर क्लॅरिटी. 2018 च्या डिसेंबरमध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वारी यांनी व्हिडिओ काढून प्रेक्षकांना हे बंद करायची विनंती केली होती. 2019 मध्ये फिल्ममेकर मोड जाहीर झाला, त्यात स्मूदिंग बंदच असतं. तुमच्या टीव्हीत तो नसेल तर सिनेमा मोड लावा आणि स्मूदिंग हाताने बंद करा. क्रिकेटला ते खुशाल ठेवा.

टीव्हीचा पडदा ओएलईडी प्रकारचा असेल तर थोडी सूट आहे. त्याचे पिक्सेल क्षणात बदलतात, त्यामुळे संथ दृश्यांत 24 फ्रेमचा तुटकपणा जास्त डोळ्यांत येतो. तिथे डी-जडर (स्मूदिंगमधली गचके कमी करणारी सेटिंग) अगदी कमी, दहापैकी दोन-तीनवर ठेवलं तर माझी हरकत नाही.

खरेदी करताना खोक्यावरच्या ‘मोशन रेट 120’ वर जाऊ नका, आतला पॅनल 60 चा असू शकतो. दुकानदाराला नेटिव्ह, म्हणजे पॅनलचा खरा रिफ्रेश रेट विचारा. आणि निव्वळ सिनेमासाठी एचडीएमआय 2.1 ची महागडी केबल घ्यायची गरज नाही.

आपल्याकडचं प्रसारण 50 हर्ट्झचं असतं. सेट टॉप बॉक्स 60 वर असेल तर सामना आणि मालिका दोन्ही अडखळतील, म्हणून तो 50 वर ठेवा. 50 हर्ट्झच्या देशांत चॅनेलवर दाखवताना 24 चा सिनेमा किंचित पळवून 25 वर आणायची पद्धत जुनी आहे. तसं केलं की 150 मिनिटांचा सिनेमा 144 मिनिटांत संपतो. त्यावर तुमच्या रिमोटमध्ये इलाज नाही.