शकात 78 मिळवून मोकळे होऊ नका: गवयांच्या जन्मतारखा शोधताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात गवई, कीर्तनकार, नाटक कंपन्यांतले पेटीवाले उदंड झाले, आणि बहुतेकांना जन्मतारखा दोन-दोन. स्मरणिका निघायची ठरली की पोरांचा फोन येतो, 'काका, खरी कुठली ते सांगा, उद्या छापायला द्यायचंय.' उद्याच द्यायचं असेल तर तारीख छापूच नका.

सगळ्यात जास्त घोळ शकाचा. शकात 78 मिळवले की इसवी सन, एवढं सगळ्यांना पाठ असतं. 1 जानेवारीपासून पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत मात्र 79 मिळवायचे असतात. भीमसेन जोशींचा जन्म 4 फेब्रुवारी 1922 चा, म्हणजे शके 1843. तिथं 78 धरले तर पंडितजी वर्षभर आधीच जन्माला येतात. कुमार गंधर्व सुळेभावीचे, आमच्या दारातलेच. जन्म 8 एप्रिल 1924. त्या वर्षी पाडवा 5 एप्रिलला होता, म्हणून शके 1846 आणि 78 चा हिशेब बसतो. तेच चार दिवस आधी जन्मले असते तर शक 1845 आणि मिळवायचे 79. एप्रिल महिना दिसला म्हणून 78 असं होत नाही, पाडवा बघावा लागतो.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. खानापूर तालुक्यातल्या एका गावात नाटक कंपनीच्या पेटीवाल्या बुवांची जन्मशताब्दी करायची ठरली. घरात पत्रिका होती, हळदीचे डाग पडलेली, घडीवर फाटलेली: शके 1836, माघ वद्य. चिटणीसांनी मोबाईलवर 78 मिळवले, 1914 आले. शाळेचा दाखला काढला, त्यात 1 जून 1914. 'वर्ष जुळलंय की ओ काका!' मीही मान डोलावली, ती चूक माझी. फेब्रुवारी 2014 ला मांडव पडला, भाषणं झाली, कुंदा वाटून झाला. जेवणं आटोपल्यावर तीच पत्रिका निवांत वाचायला घेतली तर पहिल्याच ओळीत 'आनंदनाम संवत्सरे'. संवत्सर म्हणजे शकाच्या वर्षाचं नाव, आणि आनंद हे शके 1836 चंच संवत्सर. पण फेब्रुवारी 1914 मध्ये शके 1835 चालू होतं, संवत्सर प्रमादी. नावच प्रमादी, आता काय बोलायचं! बुवा जन्मले 1915 च्या फेब्रुवारीत. आणि दाखला? 1 जून ही गुरुजींची तारीख, खरी माहीत नसली की ठोकून द्यायची. शाळेत नाव घालताना पोराला आठेक महिन्यांनी थोरलं केलं, झालं. दोन चुका एकमेकींच्या साक्षीला उभ्या राहिल्या आणि आम्ही त्याला पुरावा म्हणालो.

तेव्हापासून पत्रिका हातात आली की मी शक नंतर बघतो. आधी संवत्सर, तिथी आणि वार वहीत उतरवतो, मग जुन्या पंचांगात ताडतो. आकडा नकलताना चुकतो, वार सहसा चुकत नाही. दाखल्यावर 1 जून दिसला की वहीत पुढं फक्त 'गुरुजी' असं लिहितो.

मृत्यूच्या वर्षातून वय वजा करणारे आणखी एक. मल्लिकार्जुन मन्सूर 12 सप्टेंबर 1992 ला गेले, तेव्हा वय 81. वजाबाकी करा, 1911 येतं. जन्म मात्र 31 डिसेंबर 1910 चा. 82 वा वाढदिवस अजून यायचा होता. जाता जाता, सवाई गंधर्व गेले तेही 12 सप्टेंबरलाच, 1952 साली. नकलणाऱ्यांनी इथं जपून असावं.

'दहाव्या वर्षी पहिली बैठक' म्हणजे तेव्हा नऊ पूर्ण, दहावं चालू. खाँसाहेबांच्या घराण्यात वय हिजरी वर्षांनी सांगितलेलं असेल तर सत्तरचे अडुसष्ट धरा, हिजरी वर्ष लहान असतं. जयंती तिथीनं होत असेल तर एखाद्या साली वर्तमानपत्रात आलेली तारीख ही त्या सालापुरती असते, तीच जन्मतारीख म्हणून उचलू नका.

आपल्या भागात कन्नड आकडे वाचता येत नसतील तर शेजाऱ्याला हाक मारा, अंदाज करू नका. कन्नड एक म्हणजे तोंड न मिटलेलं शून्यच. झिजलेल्या दगडावर दोन्ही सारखेच दिसतात. सहा आणि नऊचंही तेच, फरक काय तो शेपटीत.

आणि 'दहा ठिकाणी हीच तारीख आहे' असं सांगत येऊ नका. दहाही जण कुठून घेतात ते बघा. परवा एक मुलगा पेटीवाल्या बुवांवर लेख घेऊन आला. जन्म 1914. मी म्हटलं, 1915 कर. त्यानं पिशवीतून आमचीच स्मरणिका काढली, पान उघडून पुढं धरलं, 'छापील आहे की, काका. तुमचं नाव पण आहे मागं.'