डिझेल पिकअपसाठी परफॉर्मन्स टर्बो कसा निवडावा

टर्बो स्वतः ताकद निर्माण करत नाही. ताकद डिझेलमधून येते. ते डिझेल पूर्ण जळेल एवढी हवा टर्बो पुरवतो: एक्झॉस्टने फिरणारे टर्बाइन कॉम्प्रेसर फिरवते आणि कॉम्प्रेसर हवा दाबून इंजिनात ढकलतो. या जास्तीच्या दाबाला बूस्ट म्हणतात. मूळ इंजेक्टर आणि मूळ ट्यून (इंजिन संगणकातली इंधनाची मांडणी) तसेच ठेवून नुसता मोठा टर्बो बसवला, तर वरची ताकद जवळपास तेवढीच राहते आणि खालच्या आरपीएमवरची ओढ कमी होते. म्हणून टर्बोची निवड इंधनापासून सुरू करावी, कॅटलॉगपासून नव्हे.

त्याही आधी मूळ टर्बो खरोखर कमी पडतो आहे का, ते तपासा. काळा धूर, कमी बूस्ट आणि तापलेला एक्झॉस्ट ही लक्षणे चोंदलेला एअर फिल्टर, सुटलेला होज, तडा गेलेला इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग) किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे फुटलेले गास्केट यांमुळेही दिसतात. टर्बोच्या इनलेटला झाकण लावून नियंत्रित दाबाची हवा भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी टाका. गळती सापडली तर नवीन टर्बोचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

पायरी 1: गाडीचे काम आणि लक्ष्य

जड ट्रेलर ओढणारी पिकअप आणि रिकामी पळणारी पिकअप यांचे टर्बो वेगळे असतात. ट्रेलर ओढताना इंजिन बराच वेळ 1,600 ते 2,400 आरपीएमच्या पट्ट्यात पूर्ण भाराखाली असते. तिथे लवकर मिळणारा बूस्ट आणि ताब्यातले एक्झॉस्ट तापमान महत्त्वाचे. शर्यतीच्या गाडीला 3,000 आरपीएमच्या वरची हवा हवी असते. खाली थोडा लॅग (बूस्ट येण्यातला उशीर) आणि धूर तिथे चालतो. दोन्ही कामे उत्तम करणारा एकच टर्बो शोधत बसू नका, गाडीचा जास्त वेळ ज्या कामात जातो त्यासाठी निवडा.

लक्ष्य ठरवताना आकडा फ्लायव्हीलवरचा की चाकांवरचा, हे स्पष्ट करा. डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चाकांशी मोजलेली ताकद फ्लायव्हीलपेक्षा साधारण 15 ते 20 टक्के कमी दिसते. खालचा हिशेब फ्लायव्हीलचा आहे.

पायरी 2: हवेचा हिशेब

उदाहरणाला 5.9 लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन घेऊ. लक्ष्य 2,800 आरपीएमला 400 हॉर्सपॉवर.

पूर्ण भाराला डिझेल इंजिन दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण 172 ग्रॅम इंधन घेते. 400 हॉर्सपॉवरला झाले सुमारे 69 किलो. आता हवा-इंधन प्रमाण. 18 च्या खाली गेल्यावर धूर ठळक दिसू लागतो, 20 हे बरे प्रमाण आहे आणि ट्रेलर ओढायचा असेल तर 22 धरावे, कारण जास्तीची हवा एक्झॉस्ट थंड ठेवते. 20 धरले तर तासाला 1,380 किलो हवा, म्हणजे मिनिटाला 23 किलो. बहुतेक कॉम्प्रेसर मॅप (प्रवाह आणि दाबानुसार कॉम्प्रेसर कसा चालतो ते दाखवणारे आलेख) मिनिटाला पौंड या मापात असतात. तिथे हाच आकडा सुमारे 51 होतो.

यानंतर बूस्ट. चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेते. 5.9 लिटर गुणिले 1,400 (2,800 चे निम्मे), त्यावर 95 टक्के भरणक्षमता धरून मिनिटाला 7.85 घनमीटर जागा मिळते. तेवढ्या जागेत 23 किलो हवा बसवायची तर घनता 2.93 किलो प्रति घनमीटर लागते. इंटरकूलरनंतर हवा 60 अंश सेल्सिअसला असेल, तर या घनतेसाठी मॅनिफोल्डमध्ये सुमारे 2.8 बार निरपेक्ष दाब हवा. समुद्रसपाटीला गेजवर तो सुमारे 1.8 बार, म्हणजे 26 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दिसेल.

कॉम्प्रेसरला याहून जास्त काम करावे लागते. इंटरकूलर आणि पाइपांत 0.14 बार जातो, म्हणजे कॉम्प्रेसरच्या तोंडाशी 2.94 बार हवा. एअर फिल्टरच्या ओढीमुळे इनलेटला 0.94 बारच मिळतो. दोन्हींचा भागाकार 3.1, हे झाले दाब-गुणोत्तर.

गाडी 2,000 मीटर उंचीच्या घाटरस्त्यांवर चालणार असेल तर तिथला हवेचा दाब सुमारे 0.8 बार धरून, फिल्टरची ओढ वजा करून भागाकार पुन्हा करा. तेवढ्याच ताकदीसाठी गुणोत्तर 4 च्या आसपास जाते, आणि एकट्या टर्बोला तिथवर ओढणे म्हणजे शाफ्टचा वेग मर्यादेबाहेर नेणे. उंचीवर ताकदीचे लक्ष्य कमी करा किंवा दोन टर्बोंच्या जोडणीकडे वळा.

पायरी 3: कॉम्प्रेसर मॅपवर दोन बिंदू

एकच बिंदू टाकून खरेदी करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. कमाल ताकदीचा बिंदू जवळपास प्रत्येक मोठ्या टर्बोवर छान बसतो; खरी परीक्षा कमाल टॉर्कच्या बिंदूची असते.

याच इंजिनाला 1,600 आरपीएमला 1,000 न्यूटन-मीटर टॉर्क हवा असेल, तर ताकद होते सुमारे 225 हॉर्सपॉवर. वरच्याच रीतीने हवा मिनिटाला 12.9 किलो, म्हणजे 28 पौंड, आणि दाब-गुणोत्तर 2.9 च्या आसपास येते. प्रवाह जवळपास निम्मा झाला, पण गुणोत्तर फारसे उतरले नाही. मॅपवर हा बिंदू खूप डावीकडे पडतो.

मॅपची डावी सीमा म्हणजे सर्ज रेषा. तिच्या पलीकडे हवा कॉम्प्रेसर व्हीलवरून (पात्यांच्या चाकावरून) उलटी फिरते, भाराखाली खोकल्यासारखा आवाज येतो आणि प्रत्येक झटक्याला थ्रस्ट बेअरिंग मार खाते. टॉर्कचा बिंदू या रेषेच्या उजवीकडे, प्रवाहाच्या किमान 10 टक्के अंतरावर असावा. तो डावीकडे गेला तर व्हील लहान घ्या, किंवा इनलेटभोवती खाच असलेले पोर्टेड कव्हर घ्या. त्याने सर्ज रेषा डावीकडे सरकते. तिसरा मार्ग ट्यूनमधून खालच्या आरपीएमचे इंधन आवरण्याचा आहे, पण मग टॉर्कचे लक्ष्यही खाली येते.

कमाल ताकदीचा बिंदू कार्यक्षमतेच्या मधल्या वर्तुळांत राहावा. फरक किती पडतो ते पाहा: 30 अंशांची हवा 3.1 गुणोत्तराने दाबताना कार्यक्षमता 75 टक्के असेल तर ती सुमारे 185 अंशांवर बाहेर येते, 65 टक्के असेल तर जवळपास 210 वर. गेजवर बूस्ट तोच दिसतो, पण इंटरकूलरवरचा बोजा वाढतो. अगदी उजव्या टोकाला, शाफ्टच्या कमाल वेगाच्या रेषेजवळ बिंदू पडत असेल तर तो टर्बो लहान आहे. अतिवेगाने फिरणारे व्हील फुटते आणि त्याचे तुकडे इंटरकूलरच्या पाइपांतही जाऊ शकतात.

विक्रेता मॅप देत नसेल तर तो टर्बो घेऊ नये. ‘एवढ्या हॉर्सपॉवरपर्यंत चालतो’ या वाक्यावरून खालच्या आरपीएमचे काहीच कळत नाही.

पायरी 4: टर्बाइनची बाजू

डिझेल पिकअपमध्ये टर्बाइन हाउसिंगची (टर्बाइनभोवतीच्या कवचाची) निवड कॉम्प्रेसरइतकीच निर्णायक असते, तरी तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. हाउसिंगचा आकार होल्सेट कंपनीच्या टर्बोत चौरस सेंटिमीटरमध्ये लिहितात, गॅरेट आणि बोर्गवॉर्नरच्या टर्बोत ए/आर (छेदाचे क्षेत्रफळ भागिले त्रिज्या) गुणोत्तरात. ही मापे एकमेकांत थेट बदलता येत नाहीत, तुलना त्याच घराण्यातल्या हाउसिंगांची करा. कमिन्स इंजिनांसाठीच्या टर्बोच्या बाजारात 62/65/12 अशी नावे दिसतात: कॉम्प्रेसर व्हीलचा आत हवा घेणारा व्यास 62 मिमी, टर्बाइन व्हीलचा बाहेर सोडणारा व्यास 65 मिमी, हाउसिंग 12 चौरस सेंटिमीटर. काही विक्रेते कॉम्प्रेसरचा मोठा, बाहेरचा व्यास सांगतात, त्यामुळे आकडा कुठल्या व्यासाचा आहे ते विचारा.

लहान हाउसिंग लवकर फिरते, पण वरच्या आरपीएमवर एक्झॉस्ट अडवते. मोठे हाउसिंग वर मोकळे, खाली सुस्त. मोजायची गोष्ट म्हणजे टर्बाइनच्या आधीचा एक्झॉस्टचा दाब, ज्याला ट्यूनर ड्राइव्ह प्रेशर म्हणतात. तो बूस्टइतकाच असेल तर उत्तम, दीडपटीपर्यंत चालतो. दुप्पट झाला तर इंजिन स्वतःच्याच धुराशी झगडते, तापमान चढते आणि हेड गास्केटवर ताण येतो.

सहा सिलिंडरच्या इंजिनाला दोन वाटांचे हाउसिंग घ्यावे. पहिले तीन आणि शेवटचे तीन सिलिंडर वेगळ्या वाटेने टर्बाइनवर आदळले की धक्के एकमेकांत मिसळत नाहीत आणि बूस्ट लवकर येतो. त्यासाठी मॅनिफोल्डही दोन वाटांचे लागते. फ्लँजचा प्रकार, म्हणजे टी3, टी4 की टी6, मॅनिफोल्डशी जुळतो का ते आधी पाहा.

छोट्या हाउसिंगला वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) हवाच. त्याचे छिद्र अपुरे असेल तर ठरवलेल्या दाबावर उघडूनही बूस्ट वाढतच राहतो. जास्त इंधनाच्या गाडीला 38 किंवा 44 मिमीचा बाहेरचा वेस्टगेट अधिक विश्वासाचा.

पायरी 5: स्थिर की बदलती भूमिती

2007 च्या मध्यापासूनच्या 6.7 लिटर कमिन्ससारख्या अनेक पिकअपमध्ये मूळ टर्बो बदलत्या भूमितीचा, म्हणजे टर्बाइनकडची वाट लहान-मोठी करणारा असतो. तो खाली लहान हाउसिंगसारखा आणि वर मोठ्यासारखा वागतो, एक्झॉस्ट ब्रेकचे काम करतो आणि ईजीआरमधून (थोडा एक्झॉस्ट पुन्हा इंजिनात फिरवणाऱ्या यंत्रणेतून) धूर ढकलायला लागणारा दाबही तोच निर्माण करतो. त्याच्या जागी स्थिर टर्बो बसवला की एक्झॉस्ट ब्रेक जातो आणि इंजिन संगणक दोष दाखवू लागतो. उतारावर जड ट्रेलर आवरणाऱ्याने हा ब्रेक सोडू नये. अशा गाडीला त्याच जागी बसणारा, मोठ्या व्हीलचा बदलत्या भूमितीचा टर्बो जास्त योग्य. काजळीने आतली हलती कडी अडकणे हा या प्रकाराचा मुख्य दोष. सतत मंद चालणाऱ्या गाडीत तो लवकर येतो.

उत्सर्जन नियंत्रणाचे भाग काढावे लागणारा टर्बो रस्त्यावरच्या गाडीसाठी विचारातच घेऊ नका. अमेरिकेत क्लीन एअर अ‍ॅक्टनुसार ते बेकायदा आहे. कॅलिफोर्नियात रस्त्यावरच्या गाडीला असा भाग लावण्यासाठी त्याला कार्बचा (तिथल्या हवाप्रदूषण नियंत्रण मंडळाचा) एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक असावा लागतो.

पायरी 6: बेअरिंग, व्हील, जुना माल

बॉल बेअरिंग टर्बो थोडा लवकर फिरतो. तेलाच्या थरावर फिरणारे जर्नल बेअरिंग स्वस्त, दुरुस्तीला सोपे आणि ओढकामाला पुरेसे. ‘बिलेट’ (अखंड धातूतून कोरलेले व्हील) या शब्दावर जास्त पैसे देऊ नका. फायदा पात्यांच्या आकारातून येतो, आणि तो मॅपवर दिसतो.

जुना टर्बो घेताना शाफ्ट पुढे-मागे ओढून पाहा. हालचाल हाताला जेमतेम जाणवावी. जर्नल बेअरिंगमध्ये तेल नसताना आडवी किंचित हालचाल साहजिक आहे, पण पाते हाउसिंगला टेकता कामा नये.

पायरी 7: खर्चात धरायचे बाकीचे भाग

टर्बाइनच्या आधी बसवलेला एक्झॉस्ट तापमापक आणि बूस्ट गेज, हे टर्बोच्या आधी घ्या. दीर्घकाळ 700 अंश सेल्सिअसच्या वर राहणारे तापमान अॅल्युमिनियमच्या पिस्टनला मारक असते. बूस्ट 40 पीएसआयच्या वर नेणार असाल तर मजबूत हेड स्टड, टी-बोल्ट क्लॅम्प आणि जाड होज लागतील. मूळ बूस्ट सेन्सर किती दाबापर्यंत मोजतो तेही पाहा. त्याच्या वर संगणकाला काही दिसत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे क्लच आणि टॉर्क कन्व्हर्टर नवा टॉर्क झेलतील का, याचे उत्तर ऑर्डर देण्याआधी मिळवा.

बसवताना टर्बो बहुधा तेलामुळे मरतो. नवीन फीड लाइन वापरा. परतीची नळी किमान 19 मिमी आतल्या व्यासाची, कुठेही वर न चढता, उभ्या रेषेपासून 35 अंशांच्या आत उतरती असावी आणि संपच्या (इंजिनाखालच्या तेलसाठ्याच्या) तेलपातळीच्या वर जोडावी. ती अडली की तेल सीलमधून बाहेर येते आणि दोष विनाकारण टर्बोला दिला जातो. तेलाच्या जोडांवर सिलिकॉन लावू नका, त्याचा सुटलेला तुकडा बेअरिंगची वाट बंद करतो. सुरू करण्याआधी फीडच्या छिद्रात स्वच्छ तेल ओता, इंधन बंद ठेवून स्टार्टर फिरवा आणि तेलाचा दाब दिसल्यावरच इंजिन चालू करा.

पायरी 8: पहिल्या फेऱ्यांत काय वाचावे

नेहमीचा भार लावून चढावर गाडी चालवा आणि बूस्ट, ड्राइव्ह प्रेशर, तापमान सोबत नोंदवा. 2,000 आरपीएमच्या खाली धूर आणि वर स्वच्छ, तर टर्बाइन हाउसिंग मोठे आहे. खाली उत्तम पण वर ड्राइव्ह प्रेशर आणि तापमान दोन्ही चढतात, तर ते लहान आहे. सगळीकडे धूर आणि बूस्ट अपेक्षेपेक्षा कमी, तर आधी गळती शोधा, मग इंधन कमी करा. दाब नीट असूनही इंजिनात जाणारी हवा तापत असेल तर इंटरकूलर पाहा.

पहिल्या दोन तक्रारींत टर्बो काढून विकायची घाई नको. त्याच टर्बोचे हाउसिंग एक माप खाली किंवा वर घेऊन नोंदी पुन्हा करा; स्वतंत्र हाउसिंग पूर्ण टर्बोपेक्षा बरेच स्वस्त मिळते. बदलताना बोल्टना अँटी-सीझ लावा, मधला भाग फिरवून तेलाची परतीची वाट पुन्हा खाली येईल असा बसवा, आणि घट्ट करण्याआधी शाफ्ट बोटाने फिरवून पाते कुठे घासत नाही ना ते पाहा.