नवी दुर्बीण, बेताचा खर्च: आयपीस कसे निवडावे

पहिली दुर्बीण घरी आली की खोक्यावर मोठ्या अक्षरांत '५२५ पट' छापलेलं असतं. हा आकडा येतो कुठून? ७०० मिमी फोकल लेंग्थची (भिंगापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) नळी, ४ मिमी फोकल लेंग्थचा आयपीस (डोळा लावायचं छोटं भिंग) आणि वर आयपीसच्या पटी ३ पट वाढवणारं बार्लो भिंग, एवढं सगळं एकावर एक चढवून. नळीचं पुढचं भिंग मात्र ६० मिमी व्यासाचं. त्याला १२० पटींच्या पुढे नवं काही दाखवता येत नाही, फक्त पुसट चित्र आणखी मोठं आणि आणखी काळवंडलेलं दिसतं. नवशिक्याचे पैसे सर्वांत जास्त वाया जातात ते याच पटींच्या मागे धावताना. आयपीसची खरेदी कमी पटींपासून सुरू करावी आणि हळूहळू वर जावं.

आधी नळीवरचे आकडे वाचा

फोकसरजवळच्या (आयपीस बसवून चित्र स्पष्ट करायचा भाग) पट्टीवर दोन आकडे असतात: भिंगाचा किंवा आरशाचा व्यास आणि फोकल लेंग्थ. समजा, १३० आणि ६५०. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की ५ येतात, म्हणजे दुर्बीण एफ/५. ७०/७०० ची दुर्बीण असेल तर एफ/१०. हे तिन्ही आकडे वहीत लिहून ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्यांवर आहे.

पटी काढायच्या तर दुर्बिणीच्या फोकल लेंग्थला आयपीसच्या फोकल लेंग्थने भागायचं. ६५० ला २५ ने भागलं की २६ पट, १० ने भागलं की ६५ पट. आयपीसवरचा आकडा जितका लहान, तितक्या पटी जास्त. सुरुवातीला इथेच गोंधळ होतो.

मग फोकसरचं तोंड मोजा

आज बहुतेक आयपीसची नळी सव्वा इंची, म्हणजे ३१.७ मिमीची असते. जुन्या किंवा अगदी स्वस्त दुर्बिणींत २४.५ मिमीची बारीक नळीही सापडते. पट्टीने मोजल्याशिवाय काहीही मागवू नका.

वरची आणि खालची मर्यादा

आयपीसमधून डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी काढणं सोपं आहे: आयपीसच्या मिमीला एफच्या आकड्याने भागा. एफ/५ वर २५ मिमीचा आयपीस लावला तर झोत ५ मिमीचा. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली साधारण ७ मिमी उघडते, वय वाढलं की ५ किंवा त्याहून कमी. झोत बाहुलीपेक्षा जाड झाला तर उरलेला प्रकाश बाहेरच राहतो. दुसऱ्या टोकाला झोत अर्ध्या मिमीपर्यंत आला की मर्यादा संपली. व्यास जितके मिमी त्याच्या दुप्पट पटी, हा नेहमीचा नियम म्हणजे हीच मर्यादा. हवा अस्थिर असेल तर मोठ्या दुर्बिणीलाही २०० च्या पुढे जाता येत नाही.

पहिली खरेदी: कमी पटींचा आयपीस

एफ/५ साठी २५ मिमी, एफ/१० साठी ३२ मिमी, दोन्ही प्लॉसल प्रकारचे. प्लॉसलमध्ये भिंगांच्या दोन जोड्या असतात आणि डोळ्याला साधारण ५० अंश रुंद भासणारं दृश्य मिळतं. स्वस्तात मिळणाऱ्यांत हा सर्वांत भरवशाचा. यातून कृत्तिकांचा पुंजका एका नजरेत मावतो, मृगातला तेजोमेघ आजूबाजूच्या ताऱ्यांसकट दिसतो, आणि मुख्य म्हणजे आकाशात हवी ती गोष्ट पटकन सापडते. एफ/५ वर ३२ मिमीचाही चालतो, पण झोत ६.४ मिमीचा होतो आणि शहरी उजेडात पार्श्वभूमी राखाडी दिसते.

४० मिमीचा प्लॉसल सव्वा इंची नळीत घेऊ नका. नळीच्या तोंडामुळे आकाशाचा तुकडा ३२ मिमीइतकाच दिसतो, फक्त लहान दिसतो.

दृश्यात आकाशाचा प्रत्यक्ष किती रुंद तुकडा मावतो ते मोजताही येतं. मृगाच्या पोटात शिरलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी पश्चिमेकडचा तारा खगोलीय विषुववृत्ताला अगदी लागून आहे. दुर्बीण स्थिर ठेवून तो एका कडेपासून मधोमध सरकत दुसऱ्या कडेला जायला किती मिनिटं लागतात ते पाहा आणि ४ ने भागा. आठ मिनिटं लागली तर आकाशाचा तुकडा दोन अंशांचा, म्हणजे चार पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढं.

दुसरी खरेदी: मधला

६५ ते ७० पटी देणारा, म्हणजे वरच्या दोन्ही दुर्बिणींना १० मिमी. चंद्राची विवरं, गुरूचे पट्टे, शनीची कडी इथे छान उलगडतात. सोबत आलेला १० मिमी बरा असेल तर आधी तोच वापरून पाहा, ही खरेदी लांबवता येते.

जास्त पटी सर्वांत शेवटी

इथे प्लॉसल त्रास देतो. त्याच्या भिंगापासून डोळा किती लांब ठेवता येतो ते अंतर फोकल लेंग्थच्या साधारण तीन चतुर्थांश असतं. ६ मिमीच्या प्लॉसलला ते जेमतेम साडेचार मिमी. पापण्या काचेला घासतात, दर वेळी तेलकट डाग पडतो, आणि चष्मा लावून तर दृश्याचा मधला ठिपकाच दिसतो. चष्मा काढून फोकस जुळवता येतो, पण डोळ्याला अ‍ॅस्टिग्मॅटिझम (डोळ्याच्या असमान गोलाईचा दोष) असेल तर तो फोकसने जात नाही. अशांनी १५ मिमी किंवा जास्त अंतर देणारा आयपीसच घ्यावा.

दोन रस्ते आहेत. एक, ६६ अंश दृश्याचा ६ मिमी आयपीस, ज्यात डोळा आरामात लांब राहतो. दुसरा, दोन पटींचं बार्लो. ते १० मिमीला ५ चं काम करायला लावतं आणि डोळ्याचं अंतर कमी करत नाही. बार्लो घ्यायचं असेल तर आयपीसची जोडी जपून निवडा: २० आणि १० असतील तर २० चं बार्लोसह १० च होतं, एक आयपीस फुकट गेला. २५ आणि १० असतील तर २५, १२.५, १० आणि ५ अशा चार पायऱ्या मिळतात. या दोन रस्त्यांपैकी एकच चांगली खरेदी करायची तर ६ मिमी घ्यावा.

सोबत आयपीसवर चढवायचा सूर्याचा फिल्टर आला असेल तर तो आजच फेकून द्या. तिथे सूर्याची उष्णता एकवटते, काच तडकते आणि डोळा कायमचा जातो. सूर्य पाहायचा तर फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावरच हवा.

चित्र खराब दिसतंय, दोष कुणाचा?

तारा दृश्याच्या मधोमध आणा. आयपीस फोकसरमध्ये हळूच गोल फिरवा. ताऱ्याचा विस्कटलेला आकार सोबत फिरला तर दोष आयपीसचा. आयपीस तसाच ठेवून मान तिरकी केल्यावर आकार फिरला तर दोष डोळ्याचा. दोन्ही वेळा आकार जागचा हलला नाही तर आरसे किंवा भिंगं नीट जुळलेली नाहीत. तारा उकळत्या पाण्यातल्यासारखा थरथरत असेल तर हवा अस्थिर आहे किंवा नळी अजून थंड झालेली नाही. अर्धा तास बाहेर ठेवून पुन्हा पाहा. आणि मधला तारा टोकदार, फक्त कडेचे तारे पक्ष्याच्या पंखांसारखे फाकलेले दिसत असतील, तर एफ/५ दुर्बिणीवर साध्या आयपीसचं ते नेहमीचंच आहे. त्यासाठी आयपीस बदलू नका, पाहायची गोष्ट मधोमध आणा.