गेम चालू असताना पीसी अचानक रिस्टार्ट व्हायचा, शेवटी पॉवर सप्लाय निघाला

आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड टाकलं आणि दुसऱ्याच दिवसापासून त्रास सुरू, डेस्कटॉपवर सगळं नीट पण गेम लावला की दहा मिनिटात स्क्रीन काळी आणि पीसी रिस्टार्ट. ड्रायव्हर दोनदा टाकले, रॅम काढून पुसून परत बसवली, काही फरक नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) दरवेळी कर्नल पॉवर ४१ ही नोंद, म्हणजे नीट शटडाऊन न होता बंद पडलाय एवढंच, कारण काही कळत नाही.

मग ग्राफिक्स कार्डची पॉवर लिमिट (कार्ड जास्तीत जास्त किती वीज घेईल ती मर्यादा) ७० टक्क्यांवर आणली आणि तासभर खेळलो, एकदाही बंद पडला नाही! तिथेच संशय पक्का झाला.

कॅबिनेट उघडून सप्लायचं लेबल वाचलं. बाहेर ५०० वॅट, पण १२ व्होल्टच्या लाईनला फक्त २५ अँपिअर, म्हणजे १२ गुणिले २५, ३०० वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही मुख्यतः त्याच लाईनवर जगतात, कार्ड एकटंच १७० वॅट घेतं आणि क्षणभरासाठी त्याच्याही वर उडी मारतं, ते झटके जुन्या सप्लायला झेपत नव्हते. वर मी कार्डच्या ८ पिन पॉवर सॉकेटसाठी मोलेक्सचा (जुन्या ४ पिन प्लगचा) जोड लावला होता, तो हाताला गरम लागत होता, हे खरंच धोक्याचं आहे, कृपया करू नका. मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ आणि ८ पिनमधून १५० वॅट मिळायला हवेत, तेही सप्लायच्या स्वतःच्या केबलने.

आता ६५० वॅटचा ब्रॉन्झ (कार्यक्षमतेचं रेटिंग) सप्लाय घेतलाय, लिमिट परत १०० वर, महिना झाला एकदाही रिस्टार्ट नाही.